वजनकाटा आणि फुफ्फुसाचा कॅन्सर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात लठ्ठपणाशी जोडलेल्या तेरा कॅन्सरची यादी छापली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ साली काढलेली ही यादी अशी: अन्ननलिकेच्या कॅन्सरचा एक प्रकार, जठराचं वरचं तोंड, मोठं आतडं, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कॅन्सर, गर्भाशयाचं अस्तर, बीजांडकोश, मूत्रपिंड, थायरॉइड, मेंदूच्या आवरणाची एक गाठ आणि मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतला कॅन्सर. फुफ्फुस त्यात नव्हतं, आणि सगळ्यात जास्त पत्रं आली ती त्याच्यावरच. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं छापलेली नाहीत.

निवृत्त शिक्षक, चोपडा: तुमच्या यादीत फुफ्फुस नाही. आमच्या गावात छातीच्या कॅन्सरनं गेलेली माणसं आठवली तर बहुतेक सगळी काटकुळी. पारावर म्हणतात, 'जाड मानूसले फुफ्फुसना कॅन्सर व्हत नही.' यात काही तथ्य आहे का?

पारावरच्या मंडळींनी पाहिलं ते खरं आहे, त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा आहे. मोठमोठ्या अभ्यासांतही हेच दिसतं: बीएमआय जितका कमी, तितका फुफ्फुसाचा कॅन्सर जास्त. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उंची १ मीटर ६८ सेंटिमीटर आणि वजन ४८ किलो असेल तर ४८ भागिले २.८२, म्हणजे १७. आपल्याकडे १८.५ च्या खाली कमी वजन, २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. युरोप-अमेरिकेतल्या २५ आणि ३० या रेषा आपल्याला लागू करत नाहीत, कारण त्याच बीएमआयला आपल्या पोटात चरबी जास्त असते.

तर हे उलटं गणित येतं कुठून? पहिलं आणि सर्वात मोठं कारण बिडी-सिगारेट. निकोटीन भूक मारतं, शरीराचा खर्च थोडा वाढवतं, चव आणि वास बोथट करतं. म्हणून वर्षानुवर्षं बिडी ओढणारा माणूस बारीक राहतो, आणि त्याच बिडीनं त्याला कॅन्सर होतो. गावातली ती काटकुळी माणसं आठवताना त्यांच्या कानावर बिडी होती का, तेही आठवून पाहा. कधीही धूम्रपान न केलेल्या लोकांचा हिशोब वेगळा मांडला की बारीकपणा आणि फुफ्फुसाचा कॅन्सर यांच्यातलं हे नातं जवळजवळ विरघळून जातं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आलं.

दुसरं कारण उशिरा लक्षात येतं. फुफ्फुसातली गाठ दिसण्याआधी वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून आधी, वजन उतरायला लागलेलं असतं. अभ्यासात नाव नोंदवताना असा माणूस 'बारीक' या रकान्यात बसतो आणि पुढं त्याला कॅन्सर निघतो. केळीचं पान पिवळं पडलं म्हणून मूळ सडत नाही, मूळ सडलेलं असतं म्हणून पान पिवळं पडतं. संशोधक यासाठी नोंदणीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत सापडलेले रुग्ण बाजूला काढून हिशोब पुन्हा करतात. तसं केलं की बारीकपणाचा 'धोका' उतरतो.

तिसरं कारण दम्यासारखा दिसणारा, बिडीनंच होणारा श्वासनळ्यांचा जुनाट आजार, सीओपीडी. यात नुसता श्वास घ्यायलाच इतकी ताकद जाते की अंगावर मांस टिकत नाही, आणि ज्याला सीओपीडी आहे त्याला फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका तसाही जास्त असतो.

आता जाड लोकांनी खूश व्हायचं कारण नाही. २०१८ साली सुमारे १६ लाख लोकांची माहिती एकत्र करून एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात नुसता बीएमआय न बघता कंबर आणि नितंब यांचं गुणोत्तर पाहिलं, तेव्हा चित्र फिरलं: बीएमआय २५ च्या आत पण पोट सुटलेलं, अशांना फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका बीएमआय २५ किंवा वर पण पोट आटोक्यात असलेल्यांपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त निघाला. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढं, ही ठेवण आपल्याकडं चाळिशीनंतर किती घरांत आहे ते सांगायला नको. वजन वाढवणाऱ्या जनुकांवरून केलेल्या अभ्यासांतही जादा वजन ढाल ठरलं नाही. जनुकं बिडीनं किंवा आजारानं बदलत नाहीत, त्यामुळं हा पुरावा थोडा स्वच्छ असतो. त्यात वजन वाढवणाऱ्या जनुकांबरोबर धोका किंचित वाढलेलाच दिसला. त्यातला काही भाग मात्र असा की, तीच जनुकं असलेले लोक धूम्रपानही जास्त करतात.

म्हणजे पारावर सांगायचं ते एवढंच: बारीकपणानं फुफ्फुसाचा कॅन्सर होत नाही आणि चरबीनं तो टळत नाही. धूर बघा. आणि वजनाचा आकडा किती आहे यापेक्षा तो आपोआप खाली सरकतोय का, ते बघा.

शेतकरी, अमळनेर तालुका: बावीस वर्षं बिडी ओढली, दिवसाला एक बंडल. पाच महिन्यांपूर्वी सोडली. वजन ६ किलोंनी वाढलं, पोट आलं. घरचे म्हणतात शुगर होईल. एका सोडून दुसरं पदरात पडलं का?

नाही. सोडली ते ठीकच केलं, आणि वजनासाठी पुन्हा पेटवू नका.

बिडी-सिगारेट सोडल्यावर वर्षभरात सरासरी ४ ते ५ किलो वजन वाढतं, त्यातलं बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. ही सरासरी आहे. सहातल्या एखाद्याचं उलट कमी होतं, आठातल्या एखाद्याचं १० किलोंवर वाढतं. तुमचे ६ किलो यात बसतात. दुसऱ्या बाजूला, सोडल्यापासून दहा वर्षांत फुफ्फुसाच्या कॅन्सरनं मरण्याचा धोका ओढत राहिलेल्याच्या सुमारे निम्म्यावर येतो. हृदयाचा फायदा त्याहून लवकर दिसतो. वाढलेल्या वजनामुळं मधुमेहाची शक्यता काही वर्षं थोडी वाढते हे खरं आहे, पण मृत्यूचा एकूण धोका वजन वाढलेल्यांतही कमीच होतो. सहा महिन्यांनी एकदा उपाशीपोटीची साखर तपासा, एवढं पुरे.

वजन वाढतं कशानं? निकोटीन गेल्यावर भूक परत येते, जेवणाला चव येते, आणि हाताला-तोंडाला चाळा हवा असतो. तो चाळा आपल्याकडं शेव, फरसाण, पापडी आणि दर तासाला साखरेच्या चहानं भागवला जातो. चहाचा कप छोटा असला तरी दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम, आणि सहा कप म्हणजे ६०. पहिल्यांदा कात्री तिथं लावा. चाळ्यासाठी बडीशेप, लवंग, काकडी, भाजलेले फुटाणे. फुटाणे मूठभर, वाटीभर नाही. शेवभाजीची तर्री वरून काढून ठेवा. सोडल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत कडक उपास करू नका, भुकेनं बिडीची तलफ वाढते. आता पाच महिने झालेत, तर आता चालणं वाढवायला हरकत नाही: जेवणानंतर पंधरा मिनिटं, दोन्ही वेळा.

या पत्रासारखीच आणखी पत्रं आहेत, त्यांत बिडी सोडायला निकोटीनचं च्युइंगगम वापरून 'उपयोग झाला नाही' अशी तक्रार आहे. बहुतेक वेळा गम पानासारखं सतत चघळलं जातं. तसं केलं की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, जळजळ होते, आणि तलफ तशीच राहते. दहा-पंधरा वेळा सावकाश चावायचं, तिखट झणझण आली की गालात आणि हिरडीत दाबून ठेवायचं, झणझण गेली की पुन्हा थोडं चावायचं. एक गोळी साधारण अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, लिंबू सरबत, ताक काही नाही, आंबटपणानं निकोटीन शोषलं जात नाही. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली बिडी लागत असेल तर २ मिलिग्रॅमचं गम कमी पडतं. ४ मिलिग्रॅमचं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्या. आठ ते बारा आठवडे, मग हळूहळू कमी. गम घेतलं की वजनवाढही थोडी लांबते. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत मदतवाहिनी आहे: १८००-११-२३५६.

एक मात्र करू नका: बिडी सोडून तंबाखू-चुन्याची पुडी. वजन वाढणार नाही, फुफ्फुसही थोडं सुटेल, पण तोंड, घसा, अन्ननलिका आणि स्वादुपिंड यांचा धोका ओढवून घ्याल.

मुलगी, रावेर: वडील ५८ वर्षांचे, बिडी ओढतात. दीड महिन्यापासून खोकला, पायजमे सैल झालेत. छातीच्या फोटोत डाग आला. डॉक्टर म्हणतात टीबी असावा, औषध सुरू करून बघू. बेडक्यात टीबी निघाला नाही. वजन किती उतरलं की काळजी करायची?

ताई, वडील बिडी ओढतात आणि बेडक्यात टीबी निघालेला नाही, या दोन गोष्टींमुळं तुमच्या पत्राला आम्ही सगळ्यात जास्त जागा देतोय.

आधी वजनाचं. प्रयत्न न करता सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तर ते तपासायलाच हवं. ६० किलोंच्या माणसाला ३ किलो, ५२ किलोंच्याला २ किलो ६०० ग्रॅम. ज्याचा बीएमआय आधीच २० च्या खाली आहे त्याला २ टक्केसुद्धा पुरे: ५० किलोंमागं १ किलो. आधीचं वजन कुठंच लिहिलेलं नसतं ही नेहमीची अडचण. शोधा: जुनी औषधाची चिठ्ठी, रक्तदानाचं कार्ड, विम्याची तपासणी, आडतीवर गंमत म्हणून काट्यावर उभं राहिल्याचा आकडा. काहीच नसेल तर पट्ट्याचं नवं भोक, बोटात फिरणारी अंगठी, गळ्याजवळ सैल झालेली कॉलर, हेही डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे.

यापुढचं वजन नीट घ्या. एकच काटा, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, तेच हलके कपडे. काटा शहाबादी फरशीवर किंवा सिमेंटवर ठेवा. सारवलेल्या जमिनीवर किंवा सतरंजीवर तो किलो-दीड किलो इकडं-तिकडं दाखवतो. आठवड्यातून एकदा, त्याच वारी. रोज करू नका, पाण्यानं वजन रोज हलतं. पायावर सूज असेल किंवा छातीत पाणी झालं असेल तर वजन स्थिर दिसतं आणि मांस मात्र झडत असतं. दंड आणि मांड्या बघा.

आता टीबीचं. आपल्या भागात खोकला, ताप, वजन घटणं आणि फोटोत डाग म्हटलं की टीबी आठवतो, आणि बऱ्याचदा तो असतोही. पण फुफ्फुसाचा कॅन्सरही हुबेहूब असाच दिसतो, आणि आपल्या देशात कित्येक रुग्णांचे पहिले महिने टीबीच्या गोळ्यांत जातात. बेडक्याची नुसती काचपट्टी पाहिली की टीबीच्या जंतूंची जनुकं शोधणाऱ्या सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर तपासणी झाली, हे आधी विचारा. नसेल तर ती करून घ्या, सरकारी दवाखान्यात मोफत होते. तीही कोरी आली, वय चाळिशीच्या वर आणि बिडीची सवय, तर गोळ्या 'सुरू करून बघू' याआधी छातीचा सिटी स्कॅन मागा. त्यात गाठ दिसली तर दुर्बिणीतून किंवा सुईनं तुकडा काढून तपासल्याशिवाय कुठलंही नाव पक्कं होत नाही. फोटोवरून टीबी ठरत नाही तसा कॅन्सरही ठरत नाही.

गोळ्या सुरू झाल्याच असतील तर टीबीच्या कार्डावरचं पहिलं वजन बघून ठेवा. गोळ्यांची मात्रा वजनावर ठरते, म्हणून ते लिहिलेलं असतं. औषध लागू पडलं की दोन महिन्यांत ताप जातो, भूक येते, वजन वर सरकतं. दोन महिन्यांनी वजन तिथंच किंवा खाली, तर 'कोर्स पूर्ण होऊ द्या' यावर थांबू नका. पुढची लक्षणं दिसली तर दोन महिनेही थांबायचं नाही: बेडक्यात रक्त, आवाज बसून तीन आठवडे न सुटणं, चेहरा आणि मान सुजणं, एका खांद्यात रात्री झोपू न देणारी कळ, नखं फुगून गोल होणं, हाडात एकाच जागी दुखणं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. आधीचे सगळे फोटो बरोबर न्या, नुसते अहवाल नाही. जुन्या फोटोत डाग होता की नव्हता यावर पुष्कळ ठरतं.

आणि हे जाड माणसांच्या घरच्यांसाठी. ८२ किलोंचा बिडी ओढणारा माणूस सहा महिन्यांत ७५ वर आला की शेजारीपाजारी कौतुक करतात, डॉक्टरही कधीकधी. त्यानं खाणं कमी केलेलं नसेल, चालणं वाढवलेलं नसेल, तर ते कौतुक काही कामाचं नाही. मधुमेह, थायरॉइड, टीबी, कॅन्सर, मनाची उदासी, नुसते दुखरे दातसुद्धा, कारण काहीही असू शकतं. पण शोधावं लागतं. बारीक माणसाचे २ किलो लगेच दिसतात, जाड माणसाचे ७ किलो दिसत नाहीत, आणि त्याची तपासणी लांबते.

अंगणवाडी सेविका, अक्राणी तालुका: आमच्या पाड्यावर बायका बारीक आहेत, चुलीवर करतात, बिडी ओढत नाहीत. त्यांना हा धोका आहे का?

बारीकपणामुळं नाही. तो पोषणाचा प्रश्न आहे आणि त्याची काळजी रक्तक्षय, बाळंतपण, टीबी यांच्यासाठी करायची.

धुरामुळं मात्र आहे. लाकूडफाटा, गोवऱ्या, पऱ्हाट्या यांचा घरातला धूर कर्करोग संशोधन संस्थेनं 'बहुधा कॅन्सरकारक' या गटात घातला आहे. दगडी कोळशाचा धूर तर 'निश्चित' गटात आहे. बिडीइतका हा धोका मोठा नाही, पण रोजचा आणि जन्मभराचा आहे, आणि त्याच्या आधी सीओपीडी येतो. नवऱ्याच्या बिडीचा धूर वेगळा: ओढणाऱ्याबरोबर राहणाऱ्या, स्वतः न ओढणाऱ्या माणसाचा धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो. गॅस आहे पण टाकी भरायला पैसे नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. तेव्हा टाकी आहे तोवर निदान जास्त धूर करणारी कामं गॅसवर: सकाळची पेटवापेटवी, चहा, दूध. भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर करायचं तर चूल पडवीत किंवा अंगणात आणा, सरपण पावसाआधी छपराखाली वाळवा, ओलं लाकूड कोरड्याच्या कितीतरी पट धूर काढतं. धुराडं छपराच्या वर हातभर निघालेलं असावं आणि दर महिन्याला काजळी काढलेली असावी. काजळी साचली की धूर उलटा घरात येतो आणि बाया धुराडं बुजवून टाकतात. बिडी न ओढणाऱ्या बाईचा तीन आठवड्यांचा खोकला 'चुलीचाच' म्हणून सोडू नका. न ओढणाऱ्या बायकांना फुफ्फुसाचा कॅन्सर झाला तर तो बहुतेकदा ॲडिनोकार्सिनोमा या प्रकारचा असतो, आणि त्यातल्या अनेकांना त्या गाठीवर नेमकं लागू पडणारं गोळीचं औषध चालतं. म्हणून निदान लवकर हवं.

विद्यार्थी, भुसावळ: बीएमआय १७.५, बिडी-सिगारेट नाही, तब्येत ठीक. कॅन्सर टाळायला वजन वाढवायची पावडर आणि 'बीटा कॅरोटीन'च्या गोळ्या घेऊ का?

पावडर कॅन्सरसाठी नको. वजन वाढवायचं तर शेंगदाणे, दूध, अंडी, केळी, डाळ आणि थोडा व्यायाम. तुमच्या जिल्ह्यात केळी महाग नाहीत. वजन पहिल्यापासून एवढंच आहे की अलीकडं उतरलं, एवढं तपासा.

बीटा कॅरोटीन म्हणजे गाजर-पपईतलं रंगद्रव्य. त्याच्या गोळ्या मात्र घेऊ नका, आणि घरात कुणी ओढणारं असेल तर त्याला तर मुळीच देऊ नका. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिलं गेलं. १९९४ साली निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त होता. अमेरिकेतल्या दुसऱ्या चाचणीत ३० मिलिग्रॅमबरोबर अ जीवनसत्त्वही होतं. तिथं वाढ २८ टक्के निघाली आणि चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. गाजर, पपई, शेवग्याचा पाला खुशाल खा. गोळीतली मात्रा आणि ताटातली मात्रा यांत फरक आहे.

व्यापारी, पाचोरा: वय ५६, रोज सिगारेटचं एक पाकीट, तीस वर्षं. वजन ६२, उंची १ मीटर ६५. काही त्रास नाही. दर वर्षी छातीचा फोटो काढतो. पुरे ना?

फोटोनं भागत नाही. छातीच्या साध्या फोटोनं दरवर्षी चाळणी लावून फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी होत नाहीत, हे मोठ्या चाचणीत तपासून झालं आहे. कमी मात्रेच्या सिटी स्कॅननं होतात: २०११ साली अमेरिकेतल्या ५३ हजारांवर लोकांच्या चाचणीत फोटोच्या तुलनेत मृत्यू २० टक्क्यांनी घटले.

तुम्ही त्यात बसता का? हिशोब 'पाकीट-वर्षांत' करतात, आणि इथं आपल्याकडं सर्रास चूक होते. या हिशोबातलं पाकीट २० सिगारेटचं आहे. आपल्याकडचं नेहमीचं १० चं. रोज १० सिगारेट, तीस वर्षं, म्हणजे १५ पाकीट-वर्षं, ३० नव्हे. अमेरिकेतल्या २०२१ च्या निकषात ५० ते ८० वय, २० पाकीट-वर्षं, आणि अजून ओढतोय किंवा सोडून पंधरा वर्षांच्या आत. तुमचं पाकीट १० चं असेल तर तुम्ही रेषेच्या खाली, २० चं असेल तर वर. बिडीला सर्वमान्य सूत्र नाही. तिच्यात तंबाखू कमी असते पण ती विझू नये म्हणून झुरके जास्त आणि खोल मारावे लागतात, त्यामुळं एक बिडी एका सिगारेटच्या खाली धरू नये असं आमचं मत.

वजनाचा इथं गमतीदार उपयोग होतो. 'पीएलसीओ-एम-२०१२' नावाच्या धोका मोजणाऱ्या गणितात वय, शिक्षण, सीओपीडी, घराण्यातला कॅन्सर, ओढण्याची वर्षं यांच्याबरोबर बीएमआयही भरावा लागतो, आणि तो जितका कमी तितका धोका जास्त दाखवला जातो. म्हणून धोका कमी करायला वजन वाढवू नका. ते गणित कोणाला स्कॅन करायचा ते निवडण्यासाठी आहे, कारण सांगण्यासाठी नाही. तुमचा बीएमआय २२.८ आहे, त्याचं काही करायला नको. कंबर मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उभं राहून, श्वास सोडून, शिंप्याच्या टेपनं. पँट जिथं बांधता तिथं नाही, ती पोटाखाली असते. पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८०, याच्या आत हवी.

स्कॅनचा तोटाही माहीत असू द्या. २०११ च्या त्या चाचणीत संशयास्पद म्हणून निघालेल्यांपैकी ९६ टक्के कॅन्सर नव्हते. आपल्याकडं जुन्या टीबीचे व्रण घराघरांत, त्यामुळं असे खोटे इशारे जास्त. आपल्या देशात सरकारी पातळीवर अशी चाळणी सुरू नाही. करायचा तर अशा ठिकाणी करा जिथं गाठ दिसल्यावर पुढं काय करायचं हे सांगणारा छातीचा डॉक्टर आहे. नुसत्या लॅबच्या जाहिरातीवर जाऊ नका. आणि सिगारेट चालू ठेवून स्कॅन काढत राहणं हा पैशाचा आणि जिवाचा दोन्हीचा तोटा.

सून, शिरपूर: सासऱ्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर, केमो सुरू आहे. वजन ५० किलो, उतरतच चाललंय. नातेवाईक म्हणतात साखर, दूध, अंडी बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल.

उपाशी मरेल तो माणूस. गाठ आपलं अन्न शरीराच्या मांसातून काढून घेते. एवढं वजन घसरलेल्या माणसाला केमो सोसत नाही, मात्रा कमी करावी लागते, तारखा पुढं जातात. मधुमेह असेल तरच साखरेला आवर घाला.

रोज किलोमागं १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं आणि २५ ते ३० कॅलरी हे लक्ष्य. ५० किलोंना ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं, सुमारे १,२५० ते १,५०० कॅलरी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारून. ताटात ते असं बसतं: दोन उकडलेली अंडी १२ ग्रॅम, अर्धा लिटर दूध १६, दोन वाट्या घट्ट वरण १३, मूठ-दीड मूठ, म्हणजे ५० ग्रॅम, शेंगदाणे १२, दादर ज्वारीच्या पिठाच्या तीन मध्यम भाकऱ्या १५. बेरीज ६८. शाकाहारी असतील तर अंड्यांऐवजी ७० ग्रॅम पनीर.

एवढं तीन वेळा ताटात वाढलं तर खाल्लं जाणार नाही. दर दोन-अडीच तासांनी वाटीभर द्या. भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून, शेंगदाण्याचा कूट वरणात आणि खिरीत मिसळून. चमचाभर तूप प्रत्येक वाटीत. जेवताना पाणी कमी, ते मधल्या वेळेत. फोडणीच्या वासानं मळमळत असेल तर स्वयंपाक दुसऱ्या खोलीत आणि जेवण कोमट किंवा गार. तोंड आलं असेल तर भरीत, ठेचा, तर्री काही दिवस बंद. कच्ची अंडी, रसवंतीचा रस, उघड्यावरची चटणी नको, केमोत पांढऱ्या पेशी कमी असतात. रोज दहा-पंधरा मिनिटं अंगणात चालवा आणि खुर्चीवरून हात न टेकता पाच-सात वेळा उठवा-बसवा, नाहीतर खाल्लेलं मांसात उतरत नाही.

खाणं पोटात जाऊनही वजन उतरत असेल तर त्यात कोणाचा दोष नाही. गाठीमुळं शरीरात दाह पेटतो आणि भूक मरते, म्हणून सासऱ्यांच्या मागं ताट घेऊन भांडू नका. डॉक्टरांना भुकेच्या औषधाबद्दल विचारा. पुदुच्चेरीच्या जिपमेर रुग्णालयात केमो घेणाऱ्या फुफ्फुस, जठर आणि यकृत-पित्तमार्ग-स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांना ओलान्झापिनची २.५ मिलिग्रॅमची छोटी गोळी रोज दिली. २०२३ साली निकाल छापून आला: गोळी घेणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांचं वजन ५ टक्क्यांहून जास्त वाढलं, न घेणाऱ्यांत ९ टक्क्यांचं. हे औषध मानसोपचारातलं आहे, झोप आणतं, साखर वाढवू शकतं, म्हणून मेडिकलमधून स्वतः आणायचं नाही. पुढच्या केमोला जाताना चार आठवड्यांच्या वजनाचा कागद आणि दिवसभरात काय-किती खाल्लं याची तीन दिवसांची नोंद बरोबर न्या. 'जेवत नाहीत हो' एवढ्यावर डॉक्टरला काही ठरवता येत नाही.